मधमाशी डंख मारून मरते, मग तो गुण टिकतो कसा? सामाजिक वागणुकीच्या उत्क्रांतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात लोकांना घेऊन फिरतो, जास्त करून मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या असलं दाखवायला, आणि दरवेळी फिरून फिरून तेच प्रश्न येतात. चालता चालता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, मग लोक रात्री व्हॉट्सॲपवर परत विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. लांबलंय, पण साठ वर्षं शास्त्रज्ञ ज्यावर भांडतायत ते चार ओळीत कसं मावणार.

मुळात वाद कशावरून आहे?

टॉवरच्या गच्चीखाली लटकलेलं आग्या मोहोळ बघितलंय ना? त्यातली माशी आपल्याला चावली की तिचा काटा आपल्या कातडीत रुतून बसतो, ती उडायला जाते तेव्हा पोटातला भाग त्याच्यासोबत ओढला जातो आणि ती मरते. ही कामकरी माशी, तिला स्वतःची पोरं नाहीत. आता नैसर्गिक निवडीचं साधं गणित काय, तर ज्याची पिल्लं जास्त जगतात त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात. मग जी पिल्लंच घालत नाही, वर दुसऱ्यांसाठी जीवही देते, तिचा हा गुण पुढे गेला कुठून?

गुण नैसर्गिक निवडीनेच आला यावर कोणाचं दुमत नाही, हे आधी लक्षात घ्या, कारण बरेच जण "म्हणजे डार्विन चुकला का" इथे उडी मारतात. भांडण आहे ते निवड कुठे होते यावर. एकेका प्राण्यावर, जीनवर (म्हणजे गुण पुढच्या पिढीत नेणारं जनुक), नातेवाइकांच्या गोतावळ्यावर, की अख्ख्या गटावर?

डार्विनला हा प्रश्न पडला नव्हता का?

पडला होता, आणि चांगलाच छळला होता. 1859च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्याने लिहिलंय की वांझ कामकरी मुंग्यांची अडचण आधी त्याला आपल्या सगळ्या थिअरीला मारक वाटली होती. त्याचं उत्तर असं की निवड कुटुंबाला पण लागू होते, शेतकरी नाही का चांगल्या मांसाचा बैल कापला तरी त्याच घराण्यातून पुढची पैदास करतो, तसं. 1871मध्ये माणसाबद्दल लिहिताना मात्र तो टोळ्यांवर गेला, ज्या टोळीत एकमेकांसाठी जीव टाकणारे जास्त ती दुसरीवर मात करेल म्हणाला. म्हणजे कुटुंब आणि गट, दोन्ही कल्पना त्याच्याच घरातून निघाल्या. जीन म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे हिशेब पुढे सरकला नाही.

"प्राणी आपल्या प्रजातीच्या भल्यासाठी करतात" असं टीव्हीवर सांगतात, ते बरोबर ना?

नाही. आणि हे मी प्रत्येक वॉकला सांगतो कारण हा गैरसमज फार खोल गेलाय.

1962मध्ये स्कॉटलंडच्या विन-एडवर्ड्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एक जाडजूड पुस्तक लिहिलं. रेड ग्राउस वगैरे पक्ष्यांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. म्हणणं असं की पक्षी संख्या स्वतःच आटोक्यात ठेवतात, अन्न संपू नये म्हणून कमी पिल्लं घालतात, म्हणजे सगळ्यांचं भलं. ऐकायला फार छान. पण समजा अशा संयमी थव्यात एक जण निघाला जो संयम पाळत नाही, पूर्ण ताकदीने अंडी घालतो. पुढच्या पिढीत त्याचीच पोरं जास्त, त्यांच्या पुढच्या पिढीत आणखी जास्त, आणि थवा बुडायच्या आधीच संयमी लोक संपलेले. ऑक्सफर्डच्या डेव्हिड लॅकने दाखवलं की पक्षी कमी अंडी घालतात ते परोपकार म्हणून नाही, तर जास्त घातली तर भरवताना हाल होतात आणि जगणारी पिल्लं उलट कमी होतात. मग 1966मध्ये अमेरिकेत जॉर्ज विल्यम्सने "गटाच्या भल्यासाठी" या ढिल्या बोलण्याची अशी चिरफाड केली की पुढची कित्येक वर्षं ग्रुप सिलेक्शनचं, म्हणजे गटावर होणाऱ्या निवडीचं, नाव काढणं म्हणजे वेडेपणा समजला जायचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ सुगियामा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने काळतोंड्या वानरांमध्ये एक भयंकर गोष्ट नोंदवली. बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो आणि दूध पिणारी पिल्लं मारून टाकतो. तेव्हा बऱ्याच जणांना ही विकृती वाटली, गर्दीमुळे डोकं फिरलं असणार म्हणाले. नंतर सारा हर्डीने माउंट अबूला वर्षानुवर्षं वानरं बघितली, 1977मध्ये पुस्तक आलं, आणि तिचं म्हणणं की यात विकृती नाही. पिल्लू गेलं की आई लवकर परत माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होतात. प्रजातीचं यात काय भलं झालं सांगा. काहीच नाही, उलट नुकसानच.

हॅमिल्टनचा नियम सोप्या भाषेत सांगा ना.

हा विल्यम हॅमिल्टन म्हणजे लंडनमधला एकटा, अबोल पीएचडीचा विद्यार्थी. खोलीत फार एकटं वाटायला लागलं की वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर माणसांमध्ये जाऊन बसायचा. मला सीएसएमटीला गाडीची वाट बघताना तो हमखास आठवतो. 1964मध्ये त्याचे दोन पेपर आले आणि हा विषयच बदलला.

त्याचं म्हणणं असं, की माझा जीन फक्त माझ्या पोरांतून पुढे जात नाही, माझ्या भावंडांत पण त्याच जीनच्या कॉप्या असतात. सख्ख्या भावंडात एखाद्या जीनची कॉपी असायची शक्यता अर्धी, सावत्र भावंडात पाव, पुतण्या-भाच्यात पाव, चुलत-मावस भावंडात एक अष्टमांश. मग नियम एवढाच: समोरच्याला झालेला फायदा गुणिले नातं, हे जर माझ्या खर्चापेक्षा जास्त भरलं तर मदतीचा गुण पसरेल.

पिल्लांत हिशेब मांडून बघू. माझं स्वतःचं एक पिल्लू म्हणजे माझ्या खात्यात अर्धा. ते एक सोडून मी आईला मदत केली आणि त्यामुळे दोन सख्खी भावंडं जास्त जगली तर खात्यात दोन अर्धे, म्हणजे एक. फायदा. पण आईचा जोडीदार बदलला असेल तर तीच दोन भावंडं सावत्र, दोन पाव म्हणजे अर्धा, बरोबरी, आता मदत करण्यात काही हशील नाही. बघा, पिल्लांची संख्या तीच, नातं बदललं आणि निकाल फिरला.

जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाची पण एक गोष्ट सांगतात, तो म्हणे मी दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी जीव देईन. हाल्डेन 1957मध्ये कायमचा भारतात आला, नागरिकत्व घेतलं आणि 1964मध्ये भुवनेश्वरला वारला, म्हणजे हॅमिल्टनचे पेपर आले त्याच वर्षी. 'किन सिलेक्शन', म्हणजे नात्यातून होणारी निवड, हे नाव पण त्याच वर्षी आलं आणि ते दिलं हाल्डेनचाच विद्यार्थी जॉन मेनार्ड स्मिथ याने.

पुरावा हवा असेल तर पॉल शर्मनच्या 1977च्या खारी. कॅलिफोर्नियात जमिनीत बिळं करणाऱ्या खारी आहेत, शत्रू दिसला की ओरडतात, आणि ओरडणारीकडे शत्रूचं लक्ष जातं. ओरडतं कोण जास्त, तर माद्या, कारण त्या जन्मल्या तिथेच लेकी-बहिणींच्या शेजारी राहतात. नर लांब निघून जातात, आजूबाजूला नात्याचं कोणी नाही, ते फारसे ओरडत नाहीत.

पण प्राण्याला नातं कळतं कसं? तो काय अपूर्णांकांचा हिशेब करतो?

अजिबात नाही. हिशेब निवडीने करून टाकलेला असतो, प्राण्याकडे फक्त एक ठोकताळा असतो. कावळीचा ठोकताळा, माझ्या घरट्यात जो तोंड उघडेल त्याला भरव. बहुतेक वेळा तिथे तिचंच पिल्लू असतं त्यामुळे ठोकताळा चालून जातो. आणि तो फसतो कसा ते पण मुंबईत उन्हाळा संपता संपता कुठल्याही सोसायटीच्या झाडावर दिसतं, कावळी आपली जिवाच्या आकांताने कोकिळेच्या पोराला भरवत असते.

सातभाईंचं तर आणखी मजेशीर आहे. बागेत कलकल करत फिरणारे मातकट रंगाचे पक्षी, त्यांच्या टोळीतले बाकीचे पण घरट्यातल्या पिल्लांना भरवतात, म्हणजे घरचे मदतनीस. आणि त्यांच्याच घरट्यात पावशा निळं अंडं घालून जातो, सातभाईचं पण अंडं निळंच. तोच पावशा, जो पावसाआधी आपल्याला 'पेरते व्हा' सांगतो. अख्खी टोळी मिळून परक्याचं पोर वाढवते. याचा अर्थ हॅमिल्टनचा नियम खोटा असा नाही, नियम सरासरीचा आहे आणि सरासरीत फसायला जागा असते.

मुंग्यांमध्ये बहिणींचं नातं तीन-चतुर्थांश असतं म्हणून त्या एवढ्या संघटित, हे मी वाचलंय. खरं का?

अर्धं खरं. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्यांमध्ये नर न फळलेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच. त्यामुळे बापाकडून सगळ्या बहिणींना तंतोतंत सारखं मिळतं आणि सख्ख्या बहिणींचं नातं भरतं पाऊण, स्वतःच्या लेकीशी मात्र अर्धंच. म्हणजे लेकीपेक्षा बहीण जवळची! हे एवढं देखणं होतं की लोक प्रेमातच पडले आणि बरीच वर्षं कॉलेजात हेच शिकवलं गेलं.

पण मग वाळवी? वाळवीत नर-मादी दोघांकडे आपल्यासारखे दोन संच, तरी राजा-राणी-कामकरी सगळा लवाजमा. आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट तर सस्तन प्राणी, त्याच्यात पण एकच राणी पिल्लं घालते, हे 1981मध्ये जेनिफर जार्व्हिसने दाखवलं. आणि पाऊण नात्याची दुसरी बाजू अशी की भावाशी नातं फक्त पाव, म्हणजे बहीण-भाऊ सारखेच वाढवले तर सरासरी परत अर्ध्यावर. शिवाय राणी एकापेक्षा जास्त नरांशी जुळली की पाऊण खाली घसरतं, मधमाशीची राणी तर दहा-वीस नरांशी जुळते.

त्यामुळे आज पाऊण नात्यावर कोणी फार भिस्त ठेवत नाही. त्यापेक्षा भक्कम निघालं ते 2008चं काम, विल्यम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी 267 जातींची वंशावळ मांडून दाखवलं की जिथे जिथे अशी वसाहत सुरू झाली तिथे मूळ पूर्वज राणी एकाच नराशी जुळणारी होती. म्हणजे सुरुवातीला सख्खी भावंडं, सरासरी अर्धं नातं, आणि ते पुरेसं ठरलं.

भारतात यावर काही काम झालंय का?

झालंय, आणि असं झालंय की जगभरच्या शास्त्रज्ञांना त्याची दखल घ्यावी लागते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे राघवेंद्र गडगकर. पीएचडी मॉलिक्युलर बायॉलॉजीत करत होते आणि फावल्या वेळात कॅम्पसवरच्या गांधीलमाश्यांची पोळी बघायचे, पुढे तोच आयुष्याचा विषय झाला. माशीचं नाव रोपॅलिडिया मार्जिनाटा. अगदी साधी तांबूस गांधीलमाशी, खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखं राखाडी पोळं करते, बारीक देठावर लटकलेलं.

या माशीची गंमत अशी की इथे कामकरी जन्मतः वांझ नसते. कुठलीही मादी उठून स्वतःचं वेगळं पोळं सुरू करू शकते, आणि काही करतात पण. मग बाकीच्या का राहतात? नातं म्हणावं तर राणी अनेक नरांशी जुळते, शिवाय राण्या एकामागून एक बदलत जातात, त्यामुळे एखादी कामकरी जी अळी भरवत असते ती बहीण असेल, भाची असेल, मावसबहीण असेल. पाऊण वगैरे काही उरत नाही. परक्या पोळ्यातली अगदी तरुण माशी आणून ठेवली तर तिला सुद्धा आत घेतात.

गडगकरांनी हॅमिल्टनच्या नियमाला सोडचिठ्ठी दिली नाही, त्यांनी म्हटलं सगळे नुसते नात्याकडे बघताय, फायदा आणि खर्च पण मोजा की. एकटी माशी पोळं बांधते, अंडी घालते, अळ्या भरवते आणि मध्येच मेली तर सगळं शून्य, कारण अळ्यांना शेवटपर्यंत भरवणारं कोणी नाही. पण चार जणी मिळून असतील तर मी अर्ध्यावर मेले तरी माझं अर्धं काम वाया जात नाही, दुसरी कोणीतरी त्याच अळीला पुढे भरवते. खात्रीचा परतावा म्हणा. आणि एकटीचं आयुष्य एवढं बेभरवशाचं असतं की नातं कमी असूनही राहण्यात फायदा निघतो. बसून, एकेका माशीला रंगाचे ठिपके लावून, कोण काय आणतं, कोण कोणाला हाकलतं हे हजारो तास लिहून काढल्यावर आलेलं हे उत्तर आहे. मला या सगळ्या वादात हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण सूत्रावरून भांडणारे पुष्कळ आणि सूत्रातल्या तिन्ही गोष्टी, नातं, फायदा आणि खर्च, पोळ्यासमोर बसून मोजणारे थोडे.

मग मेलेलं ग्रुप सिलेक्शन परत कसं उठलं?

एका विलक्षण माणसामुळे. जॉर्ज प्राइस, अमेरिकन, मूळचा रसायनशास्त्रज्ञ, 1967मध्ये लंडनला आला, हॅमिल्टनचे पेपर वाचून अस्वस्थ झाला आणि स्वतः गणित मांडायला बसला. 1970मध्ये त्याचं समीकरण छापून आलं. त्यातून दिसतं की कुठल्याही गुणाच्या वाढीचे दोन तुकडे करता येतात, एक गटांच्या आत काय झालं आणि दुसरा गटागटांमध्ये काय झालं. पुढे प्राइस धार्मिक झाला, जे होतं ते बेघर लोकांना वाटून टाकलं आणि जानेवारी 1975मध्ये त्याने आत्महत्या केली. अंत्यविधीला मोजकी माणसं, त्यात हॅमिल्टन आणि मेनार्ड स्मिथ होते. हॅमिल्टनने त्याच वर्षी स्वतःचं गणित प्राइसच्या पद्धतीने परत मांडलं, म्हणजे ज्याच्या नावावर किन सिलेक्शन चालतं त्यालाच गटाचा हिशेब मान्य होता. हे लोक विसरतात.

तो हिशेब कसा, ते आकडे घालून दाखवतो कारण त्याशिवाय डोक्यात बसत नाही. दोन गट, दहा-दहा जणांचे. पहिल्यात 8 मदत करणारे, 2 फुकटे. दुसऱ्यात 2 मदत करणारे, 8 फुकटे. पहिल्या गटात मदत भरपूर म्हणून मदत करणाऱ्याला 3 पिल्लं, फुकट्याला 4. दुसऱ्यात मदत कमी म्हणून मदत करणाऱ्याला 1, फुकट्याला 2. दोन्ही गटांत फुकटाच पुढे, बरोबर? आता बेरीज करा. पहिल्या गटात 24 आणि 8, म्हणजे मदत करणारे 80 टक्क्यांवरून 75वर आले. दुसऱ्यात 2 आणि 16, म्हणजे 20वरून 11वर. दोन्हीकडे घट. पण एकूण पिल्लं 50, त्यातली मदत करणाऱ्यांची 26, म्हणजे 50 टक्क्यांवरून 52वर गेले! प्रत्येक गटात हरले आणि एकूणात जिंकले, कारण चांगला गट जास्त वाढला.

हे नुसतं कागदावर नाही. मायकेल वेडने 1976मध्ये पिठातल्या किड्यांवर प्रयोग केला, तेच लालसर किडे जे आपल्याकडे पावसाळ्यात रव्याच्या डब्यात होतात. अख्ख्या डब्याची निवड केली, ज्या डब्यात किडे जास्त झाले त्यातून पुढचे डबे, आणि दुसऱ्या बाजूला ज्या डब्यात कमी झाले त्यातून. काही पिढ्यांतच दोन्हींत मोठा फरक पडला, कारण हे किडे एकमेकांची अंडी खातात आणि ती खादाडी गटागणिक बदलत गेली. 1990च्या दशकात विल्यम म्यूरने कोंबड्यांवर तसंच केलं, एकेक कोंबडी न निवडता जो पिंजरा मिळून जास्त अंडी देतो तो अख्खा निवडला, तर काही पिढ्यांत टोचाटोची आणि मरणं खूप कमी झाली, अंडी वाढली. म्हणजे गटावर निवड होऊ शकते यात शंका नाही. निसर्गात आपोआप किती वेळा होते हा खरा प्रश्न.

2010मध्ये एवढा गदारोळ कशामुळे झाला?

एडवर्ड विल्सन, मुंग्यांचा जगातला सगळ्यात मोठा जाणकार, ज्याने 1970च्या दशकात हॅमिल्टनला डोक्यावर घेतलं होतं, तोच उलटला. मार्टिन नोवाक आणि कोरिना टार्निटा या दोन गणितींसोबत 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात पेपर लिहिला, की नात्याचा हिशेब फार मोजक्या अटींवरच चालतो, त्याची गरज नाही, साध्या नैसर्गिक निवडीने सगळं सांगता येतं, आणि जवळचं नातं हे एकत्र राहण्याचं कारण नसून परिणाम आहे. मार्च 2011मध्ये त्याच साप्ताहिकात उत्तर आलं, त्यावर 137 शास्त्रज्ञांच्या सह्या.

माझं मत विचाराल तर सह्यांच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही, विज्ञानात मतदान नसतं. पण मुद्द्यावर मला टीकाकारांची बाजू जड वाटते. मधमाश्यांमध्ये एका कामकरीने अंडं घातलं तर दुसऱ्या कामकऱ्या ते खाऊन टाकतात, कारण सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा आईचा मुलगा म्हणजे भाऊ जवळचा. हे आधी हिशेबावरून सांगितलं गेलं आणि मग 1989मध्ये पोळ्यात दिसलं. असं आधी सांगून नंतर सापडणं म्हणजे थिअरीत दम आहे. विल्सनचंही एक बरोबर होतं, की नुसतं नातं नातं जपत बसून पोळं, अन्न, शत्रू याकडे दुर्लक्ष झालं होतं. पण ते गडगकर वीस वर्षं आधीपासून सांगत होते, त्यासाठी थिअरी फेकायची गरज नव्हती.

शेवटी दोन्ही एकच आहे असं म्हणतात, मग भांडण का?

वर जे 8 आणि 2चे गट केले ते परत बघा. मी म्हणालो चांगला गट जास्त वाढला. पण हेच असं पण म्हणता येतं की मदत करणाऱ्याच्या आजूबाजूला मदत करणारेच जास्त होते, त्यामुळे मदत योग्य ठिकाणी पडली. हे झालं हॅमिल्टनचं 'नातं', त्याला रक्तच लागतं असं नाही, तोच जीन समोरच्यात असायची जास्तीची शक्यता लागते. एकच बेरीज, एकदा गटवार लिहिली, एकदा व्यक्तिवार. बहुतेक गणिती हे मानतात.

तरी भांडण उरतं, कारण खातेवही कशी मांडता यावर तुम्ही पुढे काय शोधायला जाता ते ठरतं. गटवार मांडणारा गट किती वेगळे, किती फुटतात, किती बुडतात ते मोजायला जातो. नातेवार मांडणारा डीएनए काढून नातं मोजतो. दोघांना वेगवेगळ्या गोष्टी सापडतात. त्यात मोठमोठ्या लोकांचे स्वभाव, शिष्य, आयुष्यभराची कामं अडकलेली.

जे नात्यातले नाहीत त्यांना मदत का करतात?

यावर रॉबर्ट ट्रिव्हर्सचा 1971चा पेपर, आज मी तुला, उद्या तू मला. कोस्टा रिकातली रक्त पिणारी वटवाघळं दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात, आणि ज्याला रक्त मिळालं तो भुकेल्याला तोंडातून काढून देतो. जेराल्ड विल्किन्सनने 1984मध्ये दाखवलं की हे नात्यातल्यांना तर देतातच, पण नेहमीच्या शेजाऱ्याला पण देतात.

यात मुख्य अट म्हणजे परत भेट व्हायला पाहिजे. लोकलने जाणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. रोजची 8:12, रोजचा डबा, तीच माणसं, तिथे अंधेरीपर्यंत मी बसतो मग तू बस हे न बोलता चालतं. अनोळखी डब्यात चढा, चौथ्या सीटसाठी सरकायला कोणी तयार नाही. रॉबर्ट ॲक्सलरॉडने 1980च्या सुमारास कंप्युटरवर अशाच परत परत भेटणाऱ्यांची स्पर्धा लावली, जगभरच्या तज्ज्ञांनी डावपेच पाठवले, आणि दोन्ही वेळा जिंकला ॲनाटोल रॅपोपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्राम: पहिल्यांदा चांगलं वाग, मग समोरचा जसा वागला तसं.

'सेल्फिश जीन' म्हणजे आपण स्वार्थीच असतो ना?

नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सच्या 1976च्या 'द सेल्फिश जीन' या पुस्तकाचं नाव वाचून पुस्तक न वाचणाऱ्यांनी हा घोळ घातलाय. जीनला मन नसतं. 'स्वार्थी' म्हणजे ज्याच्या कॉप्या वाढतात तो टिकतो, बस. आणि जीनच्या कॉप्या वाढायचा एक रस्ता म्हणजे प्राण्याने मनापासून दुसऱ्यासाठी झटणं. आईची माया खोटी ठरत नाही त्याने.

माणसांना हे सगळं कितपत लागू होतं?

इथे मी फार जपून बोलतो. 1975मध्ये विल्सनने सोशिऑबायॉलॉजीच्या (म्हणजे सामाजिक वागणुकीच्या जीवशास्त्राच्या) पुस्तकात शेवटचं प्रकरण माणसावर लिहिलं आणि रान पेटलं. त्याच्याच हार्वर्डमधले लेवॉन्टिन आणि गूल्ड विरोधात उभे राहिले, 1978मध्ये वॉशिंग्टनच्या सभेत तर निदर्शकांनी विल्सनच्या डोक्यावर पाणी ओतलं. पाणी ओतणं चूकच, पण भीती खोटी नव्हती, कारण 'निसर्गातच असं आहे' म्हणून माणसांना खालचं ठरवायचा इतिहास आहे आणि आपल्या देशाला तर जन्मावरून माणसं मोजायची कथा वेगळी सांगायला नको. जे निसर्गात आहे ते योग्य आहे असं या थिअरीतून कुठेच निघत नाही, वानर पिल्लं मारतो म्हणून ते चांगलं होत नाही.

26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर उभं राहून बिस्किटं, पाणी वाटलं. मला वॉकवर विचारतात, हे किन सिलेक्शन की ग्रुप सिलेक्शन? दोन वेगळे प्रश्न एकत्र होतायत. माणसात दुसऱ्याचं दुःख बघून हलायची क्षमता का आली, हा उत्क्रांतीचा प्रश्न, त्यावर नातं, परतफेड, गट सगळे दावेदार आहेत. त्या रात्री त्या माणसाने दार का उघडलं, हा त्याच्या मनाचा, संस्काराचा, शेजाराचा प्रश्न. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक निको टिनबर्गनने 1963मध्येच हे प्रश्न वेगळे ठेवायला सांगितलं होतं.

मुंबईत हे बघायला कुठे जाऊ?

लांब जायला नको. नॅशनल पार्कात नाहीतर आरेत आंब्या-जांभळाच्या झाडावर पानं शिवून केलेली गोळ्यासारखी घरटी दिसतील, त्या विणकर मुंग्या, कोकणात हुमले म्हणतात. लांब उभं राहून बघा, चावतात. मोठ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून सुईसारख्या या पानावरून त्या पानावर नेतात आणि अळीच्या तोंडातून निघालेल्या रेशमाने पानं शिवली जातात. बाकी बऱ्याच मुंग्यांच्या अळ्या ते रेशीम स्वतःच्या कोशाला वापरतात, इथे ते सगळं घराला जातं आणि अळी कोशाशिवाय उघडीच वाढते.

आणि घरच्या खिडकीत ग्रिलला गांधीलमाशीचं छोटं पोळं दिसलं तर पेस्ट कंट्रोलला फोन करायच्या आधी काचेआडून बघा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मागच्या वर्षी होतं, नऊ माश्या. राणी ओळखायला मला चार दिवस लागले, कारण ती कोणावर दादागिरी करत नव्हती, नुसती बसलेली, शेवटी पोट पोळ्याच्या कप्प्यात घालून अंडं घालताना दिसली तेव्हा कळलं. एक दिवस सकाळी ती नव्हती, पालीने खाल्ली असावी. तासाभरात डाव्या पंखाची कड फाटलेली एक माशी, जी आदल्या दिवसापर्यंत गुपचूप अळ्यांसाठी खाण्याचे गोळे आणत होती, ती बाकीच्यांवर धावून जायला लागली, एकीला तोंडात धरून देठापर्यंत रेटत नेलं. एकीने सुद्धा उलटून हल्ला केला नाही. गडगकरांच्या प्रयोगशाळेला पण हेच दिसलंय की राणी गेली की वारस कोण हे माश्यांना आधीच ठाऊक असावं असं त्या वागतात, फक्त राणी असेपर्यंत बघणाऱ्या माणसाला ते ओळखता येत नाही. आठवड्याभराने फाटक्या पंखाच्या माशीने पहिलं अंडं घातलं आणि तेव्हापासून ती पण आधीच्या राणीसारखी शांत बसून राहायला लागली.